विहिणीचा दुसरा कप

तरोटा तुम्ही नेला, साहेब. भुईमोह्याच्या सडकेवर वाळत घातलेला धुरपताबाईचा तरोटा तुम्ही दिवसाढवळ्या उचलून नेला. तुमचं नाव इथं येणार नाही. आलं तर त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात असा कागद निघेल, आणि तो तुमच्याच कपाटातून निघेल. पण गावात कोणालाही विचारा. शेळ्यासुद्धा सांगतील.

आता तुम्ही म्हणाल, तरोटा तो केवढा, आणि त्याची कथा केवढी. रानगवत तर आहे. आहेच. पावसाळ्यात सडकेच्या कडेला, उकिरड्यावर, तुमच्या ऑफिसमागच्या ज्या भिंतीवर 'येथे लघवी करू नये' लिहिलेलं असतं तिथंसुद्धा, गुडघाभर वाढतो. कोवळा असला की लोक भाजी करून खातात, कुठं कुठं त्याला टाकळा म्हणतात. दिवाळीनंतर शेंगा वाळतात आणि आतून बी निघतं, बारीक, तपकिरी, दगडासारखं टणक. गावातले बहुतेक लोक ते व्यापाऱ्याला घालून मोकळे होतात. धुरपताबाई घालत नाही. धुरपताबाई त्याची कॉफी करते.

हसू नका. तुम्ही स्वतः ती प्यायला आहात. बैठकीला आला होतात, बाज ओढून अंगणात बसलात, पेला संपवून मिशा चाटल्या आणि म्हणालात, "बाई, काय कॉफी आहे! थोडी पावडर बांधून द्या." धुरपताबाई म्हणाली, "आता नाई देत. जुनी सरली. नवी निंगली की आधी नातीचं बारसं, मंग तुमी." तुमच्या कपाळावर तेव्हाच आठी पडली होती. सारं तिथून सुरू झालं.

धुरपताबाईला कॉफीचा गर्व होता, आणि तो झाकून ठेवायची तिला सवय नव्हती. गावात कोणाकडे पाहुणा आला की ही कुंपणावरून विचारायची, "काय पाजलं त्याले? चहा? अरेरे." तिची रीत तिच्या आईकडून आलेली. लोखंडी कढई, खाली मंद जाळ, वर झाकणी, कारण तापलं की हे बी उड्या मारतं आणि डोळ्यात जातं. पहिल्यांदा तडतडतं तेव्हा भाजलेल्या फुटाण्यासारखा वास येतो. नवखा माणूस इथंच कढई उतरवतो आणि फसतो. बी मग जरा वेळ गप्प बसतं. त्यानंतर दुसरी तडतड होते, बारीक, चुलीत मीठ पडल्यासारखी, आणि धूर निघतो, आणि वास एकदम पालटतो, गूळ करपल्यासारखा. तेव्हा उतरवायचं. मग खलबत्त्यात कुटायचं, गुळाच्या पाण्यात उकळायचं, सुंठ टाकायची, दूध ज्याला पाहिजे त्यानं वरून घ्यायचं.

आणि कोणी पहिल्या तडतडीलाच उतरवलं तर? तर ते कॉफी राहत नाही, जुलाब होतो. कच्च्या तरोट्याचा तो गुणच आहे. धुरपताबाईला हे माहीत होतं. आईनं सांगितलेलं होतं म्हणून माहीत होतं, आणि एकदा तिच्याच हातून झालं होतं म्हणून जास्त चांगलं माहीत होतं.

झालं होतं ते प्रफुलच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. प्रफुल हा तिचा एकुलता एक मुलगा, गडचिरोलीला दवाखान्यात एक्स-रे काढतो. तिथल्याच नर्स उर्वशीवर त्याचा जीव जडला. उर्वशी सिरोंच्याची, घरी तेलुगू बोलणारी. तिच्या आईचं नाव समक्का. सिरोंच्याकडे कॉफी म्हणजे पितळेच्या फिल्टरची. वर पावडर दाबायची, कढत पाणी सोडायचं, आणि खाली थेंब थेंब उतरेपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. समक्का प्रवासाला निघाली तरी पिशवीत फिल्टर असतो. तर अशा समक्काला पहिल्याच भेटीत गार करायचं म्हणून धुरपताबाईनं कढई चढवली. मांडवात पाहुणे, दारात बँडवाले, रामाजी, म्हणजे तिचा नवरा, "झालं का, झालं का" करत चुलीभोवती घिरट्या घालत होता. त्या गडबडीत तिनं कढई पहिल्या तडतडीला उतरवली.

सिरोंच्याची मंडळी कॉफी पिऊन, तोंडभर वाखाणून जीपमध्ये बसली. आलापल्लीचं जंगल लागलं आणि जीप थांबायला लागली. एकदा थांबली, दोनदा थांबली, मग चालूच होईना. अस्वलाच्या भीतीनं एकानं झाडीत जावं आणि दोघांनी काठ्या घेऊन उभं राहावं, आणि ज्यांच्या हातात काठ्या त्यांनाही धीर धरवेना. सोयरीक मोडली नाही, हे उर्वशीचं नशीब. पण समक्काला जन्माचं वाक्य मिळालं. जिथं जाईल तिथं सांगायची:

"आमच्याकडं कॉफी फिल्टरातून उतरते. आमच्या वदिनाकडं माणसातून."

वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी, पण विहिणीही एकमेकींना हीच हाक मारतात. लग्नात हे वाक्य, ओटीभरणीत हे वाक्य. धुरपताबाई हसायची, पण आतून तिचा कोळसा व्हायचा. नात झाली तेव्हा बाळाचं तोंड पाहायच्या आधी तिनं दवाखान्याच्या पायरीवर समक्काला सांगितलं, "इहीणबाई, बारशाले या. काळी कुळकुळीत पाजतो. एक कप पिऊन दुसरा तुमी सोता मागसान. नाई मागितला तं या जन्मात कढई चढवत नाई."

"मागितला तर?"

"तं ते फिल्टरचं वाक्य पुन्हा तोंडातून काढाचं नाई."

"सरे," समक्का म्हणाली. म्हणजे ठरलं.

म्हणून धुरपताबाई दिवाळीपासून तरोटा कापत होती. बांधावरचा, नाल्यावरचा, शाळेमागचा. कापून वाळवला. आता फक्त शेंगा फोडायच्या होत्या, आणि तिचा उजवा खांदा धरलेला, झोडपायला दंडा वर जाईना. अशा वेळी गाव जे करतं तेच तिला करायचं होतं: सडकेवर अंथरायचं, गाड्या जातात, शेंगा फुटतात, संध्याकाळी बी झाडून घ्यायचं. पण भुईमोह्याची सडक म्हणजे फाट्यापासून आत आलेली आडवाट. दिवसातून एक ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली. आणि ट्रॅक्टर नको. त्याचं चाक शेंगेबरोबर बीही चेंदते. मळणीला पाहिजे हलकी गाडी. कार.

आणि तेवढ्यात बातमी आली की मोठे साहेब येणार. पलीकडच्या गावात वनउपजाचं दुकान उघडायला. तुमचे वरचे साहेब, साहेब. वीस-पंचवीस गाड्या.

"देव पावला," धुरपताबाई म्हणाली.

रामाजीनं विडी खाली ठेवली. "काय पावला? तू मोठ्या सायबाच्या गाडीखाली तरोटा टाकशीन?"

"टाकतो नाई तं काय. पंचवीस गाड्या जाऊन राह्यल्या, पंचवीस वापस येऊन राह्यल्या. शेंग उरन का एक तरी?"

"आत घालतीन तुले."

"घालू द्या. आतमंधी कॉफी भेटते का, तेवढं इचारून ठेवा."

त्या सकाळी उजाडल्याबरोबर तिनं सारा तरोटा सडकेवर अंथरला, चटईसारखा, दोन्ही चाकोऱ्या बरोबर झाकतील असा. मग बंदोबस्त आला. बॉम्ब शोधणारं कुत्रं आलं. त्यानं तरोटा हुंगला, दोनदा शिंकलं आणि शेपूट हलवत पुढं गेलं. म्हणजे कुत्र्यानंसुद्धा पास केला. त्याच्यामागून तुमची पांढरी गाडी आली.

तुम्ही खाली उतरलात. "ही घाण कोणाची?" म्हणालात. मग वाकलात, एक शेंग मोडली, बी हातावर घेतलं. धुरपताबाई दारातून बघत होती. तुमच्या कपाळावरची आठी हळूच उकलली, तेही तिनं पाहिलं.

"अरे," तुम्ही म्हणालात, "ही तर ती कॉफी."

"व्हय सायेब. गाड्या गेल्या की उचलतो. सडक खराब नाई होत."

"बाई, तुम्ही घरात जा. बंदोबस्त आहे. सामान आम्ही नीट बाजूला ठेवतो."

पोलीस सगळ्यांनाच घरात पाठवत होते, म्हणून ती आत गेली. सडकेवर तुम्ही राहिलात आणि गावचा कोतवाल मुखरू राहिला, हातात खराटा घेऊन.

मग गाड्या गेल्या. धुरपताबाई दाराच्या फटीला डोळा लावून एकेक मोजत होती, एवढ्या हौसेनं कोणी वरातही बघत नाही. गाड्यांचा आवाज मात्र तिला खटकला. शेंग फुटल्याचा चुरचुर आवाज येत नव्हता. धूळ बसल्यावर ती बाहेर आली. सडक देवळाच्या अंगणासारखी लख्ख झाडलेली. बाजूला काही ठेवलेलं नाही. तरोटा नाही, मुखरू नाही, तुम्ही नाही.

ती तिथंच दगडावर बसली. रामाजीनं पाणी आणलं तर म्हणाली, "पानी काय पाजता मले? परवा बारसं हाये. इहीण उद्याची आज येऊन राह्यली. काय तोंड दाखवू तिले?"

"चहा कर ना मस्त. आलं टाकून."

धुरपताबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाण्याचा तांब्या घेऊन आल्या पावली परत गेला.

दुपारी गाड्या त्याच सडकेनं परत गेल्या, तेव्हा तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दुपार कलल्यावर समक्का आली. फाट्यावर बसमधून उतरून पायी आली, आणि लांबूनच हसत आली. इतकी हसत होती की डोक्यावरची पिशवी तिनं दोनदा सावरली. दारात येऊन तिनं धुरपताबाईच्या खांद्यावर, त्याच धरलेल्या खांद्यावर, थाप मारली.

"वदिना! पुन्हा पाजलंस ना तू?"

"काय पाजलं? कोनाले?"

"आता सोंग करू नको. फाट्याजवळ पांढऱ्या गाड्या उभ्या. दारं उघडी, आत माणूस नाही. बंदूकवाले सडकेकडं तोंड करून उभे, आणि मागं झाडीत जिकडं बघावं तिकडं पांढरे शर्ट. आमच्या कंडक्टरनं विचारलं, 'काऊन जी, वाघ दिसला का?' तर बंदूकवाला म्हणतो, 'चला, पुढं चला.' पण त्याचा आवाज, वदिना! त्याचीही पाळी जवळच आली होती. मी खिडकीतूनच ओळखलं. म्हटलं, हा हात आमच्या वदिनाचाच."

धुरपताबाई हसली नाही. तिचे डोळे भरले. समक्का तेव्हा कुठं हसायची थांबली, पिशवी खाली ठेवून शेजारी बसली. मग धुरपताबाईनं सारं सांगितलं. सडक, कुत्रं, तुम्ही, खराटा.

"तू पाजलं नाहीस," समक्का सावकाश म्हणाली, "आणि झालं मात्र तेच. मग वदिना, तुझा तरोटा चालत गेला का त्यांच्या पोटात?"

उत्तर कुंपणाशी आलं, पोट धरून. मुखरू कोतवाल. दोन्ही गाल आत गेलेले, चाल बदकासारखी.

"धुरपताबाई," तो म्हणाला, "जरासं ताक भेटन का?"

"ताक भेटते. आधी तरोटा सांग."

"सांगतो. पन बसून नाई, उभ्यानं सांगतो."

आणि मुखरूनं उभ्यानं सांगितलं. खराटा त्यानं मारला, हुकूम तुमचा. पोती त्यानं भरली, गाडी तुमची. तिथं एका पोत्यातल्या शेंगा झोडून बीही त्यानंच काढलं. दुकानाच्या मांडवात 'जंगल कॉफी' असं फडकं लावलेलं. मोठ्या साहेबांना खूश करायला तुम्ही शहरातून एक कॉफीवाला बोलावला होता. दाढी ठेवलेला, कातड्याचा एप्रन घातलेला. त्यानं तुमच्यासमोर छोट्या यंत्रात तरोटा भाजला.

"मी म्हटलं त्याले," मुखरू म्हणाला, "का भाऊ, धुरपताबाई तं काळा करते. तं तो हासला. म्हणे, 'काका, काळं भाजायचे दिवस गेले. आता लाइट रोस्ट. फळाचा स्वाद राहतो.'"

"पहिल्या तडतडीले उतरवला?" धुरपताबाईनं विचारलं.

"पहिल्याच्या बी आधी."

दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं हे केलं होतं, दुसरीनं भोगलं होतं. आणि मग त्या जे हसायला लागल्या ते मुखरूचं ताक राहिलं बाजूलाच. तो बिचारा सांगत होता, मोठ्या साहेबांनी स्वाद फार वाखाणला, 'हलका आहे, पोटाला बरा' म्हणून दोनदा घेतला, उरलेलं आपण प्यायलो, वाया कशाला घालवायचं. प्रत्येक वाक्याला या दोघी पदर तोंडात कोंबत होत्या.

हसून झाल्यावर समक्का उठली. "चल, खराटा घे."

"कायले?"

"डांबराला भेगा असतात ना? खराट्यानं काही शेंगा फुटल्या असतील, भेगांत बी असेल."

सिरोंच्याची ती बाई, जिच्या फिल्टरला घरातली सूनसुद्धा हात लावत नाही, ती भुईमोह्याच्या सडकेवर गुडघे टेकून बसली. केसातली पिन काढून भेगांतून एकेक बी उकरायला लागली. धुरपताबाई मागून फुंकर घालत होती, खडा वेगळा, बी वेगळं. रामाजी सडकेच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला, गाडी आली तर थांबवायला. आली ती एक म्हैस. तिलाही त्यानं थांबवलं. अंधारून यायच्या आत मूठभर जमलं. एकच मूठ.

बारसं झालं. पाहुण्यांना चहाच दिला, आलं टाकलेला, रामाजी कोणाच्या नजरेला नजर न देता वाढत होता. नातीचं नाव दिव्यानी ठेवलं. पाहुणे पांगल्यावर धुरपताबाईनं कढई चढवली.

या वेळी तिनं कोणाला जवळ येऊ दिलं नाही. पहिली तडतड झाली. समक्का सवयीनं दोन पावलं मागं सरली. मग बी गप्प झालं. चूल गप्प, घर गप्प, पाळण्यातली पोरगी गप्प. मग ती बारीक दुसरी तडतड आली, धूर आला, गूळ करपल्याचा वास साऱ्या आळीत पसरला. धुरपताबाईनं कढई उतरवली आणि काळ्याभोर बियांकडे बघत राहिली.

"कुटून दे," समक्का म्हणाली आणि पिशवीतून फिल्टर काढला.

"तुमच्या फिल्टरात? तरोटा?"

"माझा फिल्टर, तुझं बी. उतरू दे नीट."

पितळेच्या डब्यात तरोटा पहिल्यांदाच गेला असेल. उतरायला वेळ लागला, कारण ते बी पाण्यात पडलं की चिकट होतं. समक्कानं दोनदा झाकण उघडून पाहिलं, एकदा फिल्टरला तेलुगूत शिवीही दिली. शेवटी थेंब पडायला लागले. गूळ, चिमूटभर सुंठ, वरून दूध. एक पेला भरला. एकच.

समक्कानं पेला धरला. आधी वास घेतला. मग एक घोट. मग डोळे मिटून दुसरा. धुरपताबाई पदराचं टोक पिळत उभी. पेला संपला, तळाचा गूळ तिनं बोटानं पुसून चाटला. मग तोच पेला तिनं पुढं केला, आणि इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं मराठी विसरून म्हणाली,

"इंकोटि."

"काय म्हनते वो?" रामाजी.

पाळण्याजवळून उर्वशी म्हणाली, "दुसरा मागते."

दुसरा मागितला, साहेब! ज्याच्यासाठी बाई दिवाळीपासून बांधाबांधानं वाकत होती, तो शब्द समक्काच्या तोंडून, साक्षीदारांसमोर, निघाला. आणि धुरपताबाईच्या हातात काय होतं? रिकामा खलबत्ता. तिनं तो उलटा करून दाखवला. समक्काचा पेला हवेत तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघी तुमच्या ऑफिसात आल्या. तुम्ही मीठ-साखरेचं पाणी पीत बसला होतात.

"कोणता तरोटा?" तुम्ही विचारलं. "ती कॉफी बाहेरून मागवली होती. आणि त्रास झाला तो पाण्यामुळं. नमुने पाठवलेत."

समक्का खुर्ची ओढून समोर बसली. "साहेब, पाण्यानं झालं असतं तर आधी कळ आली असती. तुम्हाला आली?"

तुम्ही टेबलावरचे कागद चाळायला लागलात.

"नाही ना? आधी नुसती गुडगुड. मग गाडी वळणावर जावी तसं सारं पोट डावीकडं. मग जरा वेळ काहीच नाही. वाटतं, गेलं बाई. आणि मग एकदम..."

"बस!" तुम्ही ओरडलात. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी घेतलंय. हिच्याच हातचं. साक्षगंधाला."

तुम्ही सावरून बसलात. हुशार माणूस तुम्ही, लगेच फट दिसली. "म्हणजे माल ह्या बाईंचा होता, असं तुमचं म्हणणं? मग मोठ्या साहेबांना बाधा ह्यांच्यामुळं झाली. गुन्हा दाखल होऊ शकतो."

"करा ना दाखल," धुरपताबाई म्हणाली. "फक्त त्याच्यात लिवा, का तरोटा कुठून उचलला, कोनाच्या हुकमानं उचलला, आन् कच्चा कोनं भाजला. मी आंगठा नाई, सही करतो."

तुम्ही पाण्याचा ग्लास उचललात, परत ठेवलात आणि म्हणालात, "चौकशी चालू आहे."

चौकशी अजून चालू आहे. तरोटा पुढच्या दिवाळीशिवाय येत नाही, आणि तुमच्याकडे अजून पोती आहेत. मुखरूनं मागच्या खोलीत पाहिली, फडक्याखाली झाकलेली. समक्का सिरोंच्याला गेली, पण तिचा फिल्टर तिनं धुरपताबाईच्या फळीवर ठेवला आहे. दर दोन दिवसांनी फोन येतो. ते जुनं वाक्य ती आता बोलत नाही. ती फक्त विचारते, "आला का?"

तेव्हा साहेब, आडवळण नको. तरोटा नेला असेल तर परत आणून द्या. नेला नसेल तर त्या दुपारी फाट्याजवळच्या झाडीत तुम्ही सगळे मिळून काय शोधत होतात, ते सांगा. विहिणीनं दुसरा कप मागितला आहे. पेला रिकामा आहे. तो कुठून भरायचा?

बोला.